सुतार म्हणतो ‘हा भुसा आहे’, तरी कपाट घरीच जोडायचं तर

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर कळेल. डोंबिवलीत वन बीएचके. बेडरूममध्ये खांब आणि भिंत यांच्यामध्ये कोनाड्यासारखी 112 सेंटिमीटरची जागा, वर सात फुटांवर माळा. मागवलेलं दोन दारांचं कपाट 120 रुंद, 208 उंच, 55 खोल. ते चार खोक्यांत हॉलमध्ये येऊन पडलंय. जोडणीवाला पंधराशे मागतो आणि कापाकापी करणार नाही म्हणतो. ओळखीचा सुतार एक खोकं उघडून, फळीची कड नखाने खरवडून, ‘हा भुसा आहे, मी हात लावत नाही’ म्हणून चहा पिऊन गेला. तुम्हाला विचारायचंय ते असं: घरी दोघांनी जोडता येईल का, रुंदी आठ सेंटिमीटर कमी करता येईल का, आणि पावसाळ्यात फुगतं म्हणतात ते खरं का?

जोडता येईल. कापू नका. फुगतं हे खरं आहे, पण बहुतेक वेळा ते पावसाने फुगत नाही, फरशी पुसायच्या पाण्याने फुगतं.

आता कारणं. आमच्या घरी सुतारकाम वडिलांपासून. मी सुरुवातीची सहा वर्षं त्यांच्या हाताखाली सागवान आणि प्लायच केलं, मग सुट्या फळ्या जोडून होणाऱ्या फर्निचरकडे वळलो. 2020 च्या डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया, म्हणजे घरी जोडायचं फर्निचर विकणारं मोठं दुकान, सुरू झालं, तेव्हापासून मला येणाऱ्या फोनचा सूर बदलला. आधी लोक ‘येऊन जोडून द्या’ म्हणायचे, आता ‘अर्धं जोडलंय, पुढचं बघा’ म्हणतात. त्या अर्ध्या जोडलेल्यांतूनच बरंचसं शिकलो.

सुताराचं म्हणणं अर्धं खरं आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या चुऱ्यात राळ मिसळून, उष्णता आणि दाब देऊन केलेली लादी. दोन्ही तोंडांना, म्हणजे रुंद सपाट बाजूंना, चुरा बारीक आणि घट्ट, पोटात भरड आणि जरा सैल. वरून मेलामाइनचा छापील कागद. आपल्याकडे ‘प्री-लॅम’ म्हणतात ते हेच. स्क्रू फळीच्या तोंडातून घातला तर बऱ्यापैकी धरतो. कडेतून घातला की तो त्या भरड पोटात जातो आणि पकड कमी होते. शिवाय इथे लाकडासारखे लांब तंतू नाहीत, त्यामुळे एकदा आटे कातरले गेले की ते भोक मेलं. प्लायमध्ये खिळा ठोकला, उपटला, बोटभर बाजूला पुन्हा ठोकला असं चालतं. सुताराचा हात त्या सवयीचा असतो. इथे तो दोनदा फसतो आणि मालाला शिव्या घालतो. माझे वडीलही घालायचे.

म्हणून या फर्निचरला जोडण्याची पद्धतच वेगळी आहे. लाकडी गुल्ल्या, म्हणजे भोकात बसणाऱ्या छोट्या गोल खुंट्या, वजन पेलतात आणि फळी जागेवर ठेवतात. गोल कॅम, ज्याला आपल्याकडे सर्रास मिनीफिक्स म्हणतात, तो दोन फळ्या एकमेकींकडे ओढून धरतो. आणि मागचं 3 मिलिमीटरचं हार्डबोर्ड चौकट काटकोनात ठेवतं. तिघांपैकी एकाने जरी काम सोडलं तरी कपाट डुलतं. लोक हार्डबोर्डला नुसता पडदा समजतात आणि चार खिळ्यांत भागवतात. मग सहा महिन्यांनी ‘दारं एकमेकांवर चढतात’ म्हणून फोन. काड्यापेटीचं बाहेरचं आवरण बोटाने दाबून बघा, कसं तिरकं होतं. आत ड्रॉवर असला की होत नाही. हार्डबोर्ड तो ड्रॉवर आहे.

आता कापण्याकडे येतो, कारण तुमचा खरा पेच तिथे आहे. आणि तो तुम्ही लिहिलाय त्यापेक्षा मोठा आहे.

112 सेंटिमीटर कुठे मोजलंत? बहुतेक कमरेच्या उंचीवर, टेप ताणून. आता खाली बसून स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या, टाइलपासून टाइलपर्यंत मोजा. स्कर्टिंग साधारण 10 ते 12 मिलिमीटर पुढे असतं, दोन्ही बाजूंना असेल तर दोनेक सेंटिमीटर तिथेच गेले. मग डोक्याच्या वर, माळ्याच्या खाली मोजा. प्लास्टर ओळंब्यात असेलच असं नाही. तीन मापांतलं सगळ्यात लहान ते तुमचं माप. त्यातूनही दार भिंतीला न घासता उघडायला आणि कपाट आत सरकवायला दोनेक सेंटिमीटर हवेत. म्हणजे कपाट 107-108 चं व्हायला हवं. आठ नव्हे, बारा सेंटिमीटर कापावे लागतील.

आणि रुंदी कमी करणं म्हणजे एक काप नाही. वरची फळी, खालची फळी, मधली पक्की फळी, पायाची पट्टी, मागचं हार्डबोर्ड, कपड्यांचा रॉड आणि दोन दारं, असे आठ तुकडे. वरच्या-खालच्या फळ्यांच्या टोकाला गुल्लीची भोकं आणि कॅमचे खड्डे कारखान्यातून आलेले असतात. टोक कापलं की ते गेले. नव्याने पाडायचे म्हणजे कडेत 8 मिलिमीटरची भोकं अगदी सरळ, आणि तोंडावर 15 मिलिमीटर व्यासाचा खड्डा, 18 च्या फळीत साधारण 13 खोल. खाली पाच मिलिमीटर उरतात. हातातलं ड्रिल जरा कललं की पलीकडून टोक बाहेर. मी स्वतः हे काम जिग, म्हणजे ड्रिल सरळ धरणारा साचा, लावून करतो, आणि तरीही श्वास रोखून करतो.

दारांचं वेगळंच. बिजागरीच्या 35 मिलिमीटरच्या वाट्या एका कडेला असतात, म्हणून कापायचं ते मुठीच्या बाजूने. मग मुठीची भोकं एका बाजूला सरकल्यासारखी दिसतात, ती बुजवून नवी पाडा. कापलेली कड उघडी पडते, तिला पट्टी लावा. आणि तुमच्या दारावर उठावाची नक्षी किंवा आरसा असेल तर विषयच संपला.

परत करायची मुदत शिल्लक असेल तर तीन खोकी तशीच ठेवा आणि उघडलेलं नीट बंद करून 100 किंवा 90 सेंटिमीटरचं मागवा. शेजारी उरलेल्या दहा-बारा सेंटिमीटरांत घडीचं इस्त्रीचं टेबल उभं राहतं, हे मी चार-पाच घरांत केलंय आणि प्रत्येक घरात बाईसाहेब कपाटापेक्षा त्या फटीवर जास्त खूश झाल्यात. फट नकोच असेल तर त्याच रंगाच्या प्री-लॅमची उभी पट्टी लावून बुजवता येते. मुदत गेली असेल तर कपाट दुसऱ्या भिंतीला जोडा. अगदीच नाइलाज असेल तर जुनी फळी कापत बसू नका. प्लायच्या मोठ्या दुकानांत मापाने कापून कडेला पट्टी लावून देतात. वरची, खालची, मधली अशा तीन फळ्या नव्या करून घ्या आणि त्या कॅमऐवजी कन्फर्मॅट स्क्रूने बसवा. हा 7 मिलिमीटर जाड, 50 लांब, भरड आट्यांचा स्क्रू खास अशा बोर्डसाठीच आहे. बाजूच्या फळीतून 7 चं भोक, आडव्या फळीच्या कडेत 5 चं, आणि बाहेरून दिसणाऱ्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी. दिसायला थोडं उणं, धरायला चोख.

कुठलीही फळी कापायच्या आधी तिच्यावर टकटक करा, हे मी आता कधीच चुकवत नाही. काही वर्षांपूर्वी कल्याणला एका घरात जाडजूड पांढरी शेल्फ होती, पाच सेंटिमीटरची. गिऱ्हाईक म्हणालं, ‘इथून कापा.’ मी जिगसॉ, म्हणजे उभ्या पातीची विजेची करवत, लावला आणि पाती लोण्यातून जावी तशी गेली. आत बघतो तर पुठ्ठ्याचं मधमाशांचं पोळं! वर-खाली पातळ थर, कडेने बोर्डची चौकट आणि मधे कागद. दिवसभर त्या पोकळ टोकात लाकडी पट्टी बसवत बसलो आणि मजुरी मागायची लाज वाटली. जाड असून हलकी असेल, वाजवल्यावर डब्यासारखी बोलत असेल, तर ती फळी कापायचीच तर टोकात लाकडी पट्टी कोंबून, फेविकॉल लावून बंद करायची तयारी आधी ठेवा. त्या पोकळीत मधेच स्क्रू मारून काही टांगायचा विचारही करू नका.

साध्या भरीव फळीला छोटा काप द्यायचा झाला, समजा स्कर्टिंगसाठी बाजूच्या फळीचा मागचा खालचा कोपरा, तर तो जरूर द्या. आठ सेंटिमीटर उंच आणि बारा-पंधरा मिलिमीटर खोल एवढा तुकडा काढला की कपाट भिंतीला टेकतं. फक्त त्या कोपऱ्यात हार्डबोर्डची खाच किंवा कॅम येत नाही ना ते आधी बघा. रेषेवर मास्किंग टेप लावा, पट्टी धरून कटरने मेलामाइन चिरा, मग करवत. हातकरवत ढकलताना खाली कापते, म्हणून चांगलं तोंड वर ठेवायचं. जिगसॉ आणि हातातला गोल पात्याचा विजेचा कटर खालून वर कापतात, म्हणून त्यांना चांगलं तोंड खाली. उलटं केलंत तर दर्शनी बाजूला दातरे पडतात आणि ते कशानेही झाकत नाहीत. तोंडाला मास्क हवाच, हा चुरा राळेसकट नाकात जातो.

आता जोडणी. हिच्यावर मी फार लिहिणार नाही, कारण सोबतच्या पुस्तिकेत चित्रं आहेत आणि ती बहुतेक वेळा बरोबर असतात. लोक अडतात ते चित्रं न बघितल्यामुळे, किंवा खरं सांगायचं तर ओझरती बघितल्यामुळे. कुठली कड पट्टीची आणि कुठली उघडी, हार्डबोर्डची खाच कुठल्या बाजूला, भोकं दोन आहेत की तीन, हे चित्रात असतं. मी स्वतः एकदा खालची फळी उलटी बसवून, मागे सगळे खिळे ठोकून, कपाट उभं करून मग ओळखलं. उघडी भुशाची कड पुढे, दारातून आल्याबरोबर दिसेल अशी. घरातल्या आजींनी तिसरा चहा आणून ठेवला तेव्हा मी खिळे उपटत होतो.

सुरुवातीला सगळे स्क्रू ताटात नाहीतर वाट्यांमध्ये वेगळे करा आणि मोजा. पुस्तिकेत बऱ्याचदा स्क्रूचं चित्र खऱ्या मापाचं असतं, त्यावर स्क्रू ठेवून ताडून बघा. 30 च्या जागी 40 चा गेला तर तो दर्शनी बाजूने डोकं काढतो, आणि मग मला फोन येतो. खोकी न फाडता उलगडून जमिनीवर पसरा, फळी फरशीवर घासली तर कोपरा उडतो. प्रत्येक फळीवर टेपच्या तुकड्यावर नंबर लिहा.

हत्यार म्हणाल तर स्क्रू ड्रायव्हर बरोबर हवा. परदेशी पद्धतीच्या किटमध्ये स्क्रूच्या फुलीमध्ये चार बारीक तिरक्या रेघा दिसतात, ते पोझिड्राइव्ह. आपल्या घरातला साधा फिलिप्स त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की सटकतो आणि फुली खाऊन टाकतो. पीझेड 2 नंबरचं बिट आणा, फार महाग नाही. बॅटरीचं ड्रिल वापरणार असाल तर क्लच, म्हणजे जोर ठरवणारी आकड्यांची कडी, खालच्या आकड्यांवर, दोन-तीनवर ठेवा आणि शेवटचा पाव फेरा हाताने द्या. इम्पॅक्ट ड्रायव्हर या मालाच्या जवळपासही आणू नका. बोर्डला हात लागतो तसं मशीन लागत नाही. आटे कातरले जायच्या क्षणभर आधी हाताला एक मऊपणा जाणवतो, मशीनला तो कळत नाही.

कॅमचं एक सांगतो, कारण तुटलेले कॅम मी पिशवीभर जमवलेत. आधी त्याचा खिळा, म्हणजे समोरच्या फळीत फिरवायचा तो दांडा, कॉलरपर्यंत पूर्ण बसलाय ना बघा. अर्धा आटा जरी बाहेर राहिला तरी कॅम त्याला पकडत नाही. कॅमवर बाण असतो, त्याचं तोंड फळीच्या कडेकडे, जिथून दांडा येणार तिकडे ठेवायचं. मग फळ्या हाताने पूर्ण जुळवायच्या, फट राहता कामा नये, आणि कॅम घड्याळाच्या दिशेने साधारण अर्धा फेरा. फट कॅमने ओढून मिटवायला जाल तर तो तुटतो, हा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग असतो, वाकत नाही. आधी सगळे कॅम हलके अडकवा, पूर्ण घट्ट शेवटी.

गुल्लीला फेविकॉल लावायचा का, यावर माझं उत्तर घरावर अवलंबून आहे. घर स्वतःचं असेल आणि कपाट हलणार नसेल तर भोकात एक थेंब टाका, सांधा दुप्पट शहाणा होतो. पण अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहत असाल तर मुळीच नको. चिकटवलेलं कपाट सुटं होत नाही, आणि पॅकर्सवाले ते जिन्यातून तिरकं करून नेताना कोपऱ्यातून उकलतात. आणि हो, मेलामाइनच्या गुळगुळीत तोंडावर फेविकॉल धरत नाही. तो उघड्या भुशालाच धरतो.

चौकट आडवी, पाठ वर करून पडली की टेपने दोन्ही कर्ण मोजा. दोन मिलिमीटरच्या आत फरक असेल तर उत्तम. जास्त असेल तर लांब कर्णाच्या दोन टोकांना आत दाबा. कर्ण जुळल्यावरच हार्डबोर्ड घाला आणि पुस्तिकेत जेवढे खिळे दाखवलेत तेवढे सगळे मारा. ही तीन मिनिटं ज्यांनी दिली त्यांचा मला पुन्हा फोन येत नाही.

आता तुमच्या खोलीपुरतं एक त्रांगडं. कपाट 208 उंच आणि 55 खोल. आडवं जोडून उभं करताना ते मधे एका क्षणी कर्णाइतकं उंच होतं. 208 चा वर्ग आणि 55 चा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ 215. तुमचा माळा सात फुटांवर, म्हणजे 213 सेंटिमीटर. माळ्याखाली उभं करायला गेलात तर दोन सेंटिमीटरवर अडकेल आणि माळ्याच्या कडेला कोपरा ठेचेल. म्हणून ते माळ्याबाहेर, खोलीच्या मोकळ्या भागात उभं करायचं आणि मग आत सरकवायचं. उभं करताना पंखा बंद! हसू नका, पंख्याचं पातं कपाटाला लागलेलं मी बघितलंय. दोन माणसं हवीतच, एकाने पायाशी अडवायचं, दुसऱ्याने उचलायचं. सरकवताना खाली जुनी गोधडी घाला, ढकलायचं ते खालच्या बाजूने. वरून ढकललं की सगळा जोर कॅमवर जातो.

जागेवर गेल्यावर लेव्हल बघा, मग दारं. ‘दार नीट लागत नाही’ या दहापैकी सात तक्रारी फरशीच्या असतात. ज्या कोपऱ्याखाली फट दिसते तिथे सनमायकाचे तुकडे सारा, एक तुकडा साधारण एक मिलिमीटर. पुठ्ठा सारू नका, तो ओला होऊन बसतो. लेव्हल झाल्यावर बिजागरीकडे वळा. पुढचा स्क्रू दार डावी-उजवीकडे नेतो, मागचा पुढे-मागे, आणि पत्रीचे दोन स्क्रू सैल केले की वर-खाली. एका वेळी अर्धा फेरा, आणि वरची-खालची बिजागरी दोन्ही. घाईत एकाच बिजागरीला पिरगाळत बसलं की दार उलटं तिरकं होतं.

फुगण्याचं. फळीच्या तोंडावर मेलामाइन आहे तोवर पाणी आत जात नाही. ते जातं उघड्या कडेतून, आणि सगळ्यात उघडी कड असते ती बाजूच्या फळ्यांची खालची, जमिनीला टेकलेली. कुणी बघत नाही म्हणून बऱ्याचदा तिथे पट्टीच नसते. रोज ओलं फडकं फिरतं, पाणी तिथे थांबतं, दोन वर्षांत खालचे चार बोटं फुगून पापुद्रे सुटतात. एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्वीच्या जाडीला येत नाही. म्हणून जोडायच्या आधी, फळ्या सुट्या असतानाच, खालच्या कडांना पॉलियुरेथेन वॉर्निशचे किंवा ऑइल पेंटचे दोन-तीन हात द्या. पहिला हात भुसा पिऊन टाकतो, घाबरू नका. हे सगळं अर्ध्या तासाचं काम, वाळायला एक रात्र. माझ्या मते कपाटात करण्यासारखा हा सगळ्यात फायद्याचा बदल आहे, आणि तो कुठल्याच पुस्तिकेत नसतो. यासाठी नेलपॉलिशही चालतं, फक्त ते भोकांच्या कडांपुरतं.

याशिवाय मी सहसा चार इंची पाय लावायला सांगतो, म्हणजे खालून पुसताही येतं. तुमच्याकडे माळ्यापर्यंत पाचच सेंटिमीटर आहेत, त्यामुळे खाली लावायच्या दोन सेंटिमीटरच्या प्लास्टिकच्या बुटक्या पायांवर भागवा. कपाटामागची भिंत बाहेरची असेल आणि पावसाळ्यात तिला ओल येत असेल तर मागे बोटभर जागा सोडा. हार्डबोर्डला ओल लागली की त्यावर बुरशी धरते, आणि आधी कळतं ते साड्यांच्या वासाने.

भिंतीला बांधणं हे ऐच्छिक धरू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. उघडलेल्या खणांवर पाय देऊन मुलं चढतात. 2016 साली अमेरिकेत आयकियाने मुलांचे मृत्यू झाल्यानंतर खणांची सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत बोलावली होती, ती अशी पुढे कलंडण्यामुळेच. तुमच्या बाबतीत एक गंमत अशी की ज्या भूमितीमुळे कपाट माळ्याखाली उभं राहत नाही, तिच्यामुळेच ते माळ्याखाली सहज पडणारही नाही, मागचा कोपरा माळ्याला अडेल. पण बांधा. किटमधली पट्टी मागच्या हार्डबोर्डला न लावता वरच्या फळीला लावायची. भिंत कशाची आहे त्यावर गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात घालायची नळी, ठरते. विटेच्या भिंतीत साधी नायलॉनची गिट्टी पुरते. नव्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंतीला हॅमर ड्रिल लागतं. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकमध्ये मात्र साधी गिट्टी गोल फिरते, तिथे लांब, त्याच ब्लॉकसाठी मिळणारी घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच जातो.

इतकं करूनही एखादं भोक मरेलच. बहुधा बिजागरीचं, कारण दारावर रोज जोर येतो. तिथे जाडा स्क्रू घालून बघायचा मोह होतो, पण ते दोन महिने टिकतं आणि जाताना भोवतालचा भुसाही घेऊन जातं. तात्पुरतं करायचं तर टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून भोकात दाबून भरा, रात्रभर वाळू द्या, वरचं टोक कापा आणि पुन्हा स्क्रू घाला. कायमचं करायचं तर भोक 8 मिलिमीटरने मोठं करा, ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली ठरवा म्हणजे पलीकडे जाणार नाही, फेविकॉल लावून 8 ची लाकडी गुल्ली ठोका, चोवीस तास थांबा. मग गुल्लीच्या मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू. आता तो स्क्रू भुशात नाही, लाकडात आहे, आणि आधीपेक्षा जास्त धरेल. सुताराला दाखवा, तोही मान डोलावेल.

पुढे तुम्ही आत जास्तीची फळी घालायला जाल, सगळेच जातात. बाजूच्या फळ्यांत 5 मिलिमीटरच्या भोकांची रांग 32 मिलिमीटरच्या अंतराने असेल तर बाजारात मिळणाऱ्या 5 च्या पिना थेट बसतात. कपड्यांना 18 ची फळी पुरते. पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवणार असाल तर लांबी बघा. सारखं पसरलेलं वजन असताना फळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. 80 सेंटिमीटरची फळी 60 ची केली तर झोळ एक तृतीयांशाच्याही खाली येतो. मधे एक उभी पट्टी ठोकली की हेच साधतं. जाडी 18 ची 25 केली तरी झोळ जेमतेम तितकाच उतरतो, आणि फळीचं वजन वाढतं ते वेगळं.

खोकी आठवडाभर फेकू नका, एखादी फळी तडकलेली निघाली तर परत पाठवायला तीच लागतात. जास्तीचे स्क्रू, एल-की आणि पुस्तिका एका पिशवीत घालून कपाटाच्या आतल्या छताला टेपने चिकटवा. पाच वर्षांनी घर बदलताना कुणीतरी ती पिशवी शोधेल. आणि आधी ती तीन मापं घ्या, स्कर्टिंगपाशी, कमरेशी आणि माळ्याखाली. ती कळवलीत तर 100 चं घ्यायचं की 90 चं, ते मी सांगतो.